शिस्तभंगाच्या चौकशीत विद्यार्थ्याचे हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातील महाविद्यालये आणि विद्यापीठे विद्यार्थ्यांविरुद्ध ज्या शिस्तभंगाच्या चौकश्या करतात, त्यांविषयीचे हे प्रश्न आहेत. प्रत्येक संस्थेची नियमावली वेगळी असते आणि ती मिळवून वाचण्याला पर्याय नाही. मात्र नियमावलीत काहीही लिहिलेले असले किंवा नसले, तरी काही किमान हक्क विद्यार्थ्याकडे राहतातच आणि येथील उत्तरे मुख्यतः त्याच हक्कांविषयी आहेत.

शिस्तभंगाची चौकशी म्हणजे न्यायालयातील खटलाच का?

नाही. येथे न्यायाधीश नसतो आणि पुराव्याचा कायदा जसाच्या तसा लागू होत नाही. समितीत बहुधा तुम्हाला रोज शिकवणारे प्राध्यापकच बसलेले असतात. पण ज्या निर्णयाने विद्यार्थ्याचे वर्ष बुडू शकते, तो निर्णय केवळ कार्यालयीन बाब म्हणून हातावेगळा करता येत नाही. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने तीन परीक्षार्थींचे निकाल गैरप्रकाराच्या कारणावरून, त्यांना काहीही न विचारता रद्द केले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याचा निकाल 1962 मध्ये लागला. परीक्षार्थींचे म्हणणे ऐकून घ्यावे असे नियमांत कुठेही म्हटलेले नाही, असा मंडळाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. परिणाम इतके गंभीर असतील, तर नियम गप्प असले तरी ऐकून घेण्याचे कर्तव्य उरतेच, असे न्यायालयाने ठरवले. म्हणूनच अशा चौकशीला अर्धन्यायिक म्हणतात.

‘नैसर्गिक न्याय’ हा शब्द सारखा ऐकू येतो. त्याचा नेमका अर्थ काय?

त्याचे दोन जुने नियम आहेत. म्हणणे ऐकल्याशिवाय कोणालाही दोषी ठरवू नये, हा पहिला. आणि स्वतःच्या प्रकरणात कोणीही न्याय करायला बसू नये, हा दुसरा. निर्णयाची कारणे द्यावीत, हा तिसरा नियम त्यांना पुढे जोडला गेला.

गंमत अशी की पहिल्या नियमाचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा दाखला विद्यापीठातलाच आहे. केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या 1718 मध्ये त्याचे म्हणणे न ऐकताच काढून घेतल्या. 1723 मध्ये न्यायालयाने त्या परत द्यायला लावल्या. ॲडमला शिक्षा देण्यापूर्वी ईश्वरानेसुद्धा ‘ते फळ तू खाल्लेस का?’ असे विचारले होते, याची आठवण तेव्हा एका न्यायाधीशाने करून दिली. सर्वज्ञ ईश्वराला ज्या प्रश्नाची गरज वाटली, तो प्रश्न विचारण्याची गरज चौकशी समितीला वाटू नये, हे पटण्यासारखे नाही.

कारणे दाखवा नोटिशीत काय असायला हवे?

तुम्ही काय केले असा आरोप आहे, कधी केले, कुठे केले आणि त्यामुळे कोणत्या नियमाचा भंग झाला, हे त्यात असायला हवे. ‘आपले वर्तन संस्थेच्या प्रतिमेस बाधक असल्याचे निदर्शनास आले आहे’ या वाक्यात आरोप नाही, फक्त नाराजी आहे. अशा नोटिशीला लगेच सविस्तर खुलासा देण्याची घाई करू नये. आरोपाचा तपशील नसल्याने उत्तर देणे शक्य नाही, तो तपशील आणि संबंधित नियमाची प्रत द्यावी, असे दोन ओळींचे पत्र आधी द्यावे. कोणती शिक्षा विचाराधीन आहे हेही नोटिशीत सांगणे योग्य ठरते, कारण ताकीद मिळण्याची शक्यता असताना माणूस जसे उत्तर देतो, तसेच तो हकालपट्टीची शक्यता असताना देईल असे नाही.

‘आत्ताच येथे बसून खुलासा लिहून द्या,’ असे सांगितले तर?

सौजन्याने नकार द्यावा आणि मुदत मागावी. किती दिवस पुरेसे, याचा ठरावीक आकडा नाही. साध्या आरोपाला दोन दिवस पुरतील, पन्नास पानांच्या अहवालाला पुरणार नाहीत. मुदतीची मागणी तोंडी केली तर ती केली होती असे पुढे सिद्ध करता येत नाही. म्हणून ती पत्राने किंवा ईमेलने करावी आणि पत्र दिल्यास आवक क्रमांकासह पोच घ्यावी. कार्यालयाने पोच देण्यास नकार दिला, तर तेच पत्र त्याच दिवशी ईमेलने पाठवावे.

माझ्याविरुद्धचे कागद, चित्रफिती, जबाब पाहण्याचा मला हक्क आहे का?

आहे, आणि इतर सगळे हक्क याच हक्काच्या आधाराने उभे राहतात. समिती ज्या साहित्याच्या जोरावर तुम्हाला दोषी ठरवणार आहे, ते निर्णयापूर्वी तुमच्यासमोर आले पाहिजे आणि त्यावर बोलण्याची संधी तुम्हाला मिळाली पाहिजे. ते लपवून ठेवून घेतलेली सुनावणी दिसायला सुनावणी असली, तरी तिचा उपयोग नसतो. काय खोडून काढायचे आहे हेच ठाऊक नसलेला माणूस फक्त आपण चांगले असल्याचे सांगत राहतो, आणि तेवढ्याने कोणाचे मत बदलत नाही.

विद्यार्थी आणि पालक बहुतेक वेळा वकील आणता येईल का यावर सगळा जोर लावतात. माझ्या मते तो जोर कागदांवर लावावा. तक्रार अर्जाची प्रत, साक्षीदारांचे लेखी जबाब, पर्यवेक्षकाचा किंवा भरारी पथकाचा अहवाल, जप्त केलेला चिठ्ठीचा कागद, प्रवेशद्वारावरील नोंदवही आणि कॅमेऱ्याचे चित्रण यांपैकी जे लागू असेल ते नाव घेऊन मागावे. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ अशी मोघम मागणी टाळली जाते. कॅमेऱ्याच्या चित्रणाची मागणी तर पहिल्याच दिवशी करावी, कारण बहुतेक यंत्रणांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. प्रत देता येत नसेल तर निदान जपून ठेवावे आणि पाहू द्यावे, असे पत्रात लिहावे. मोबाइलवरील संभाषणाची निवडक छायाचित्रे पुरावा म्हणून दाखवली गेली, तर त्याच्या आधीचे आणि नंतरचे संदेश पाहण्याचा आग्रह धरावा, कारण अर्धे संभाषण कोणताही अर्थ सांगू शकते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. प्रत्येक त्रुटीमुळे चौकशी रद्द होत नाही. 1996 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, प्रक्रियेत चूक झाली असे दाखवणे अनेकदा पुरेसे नसते, तिच्यामुळे संबंधिताच्या बचावाचे नुकसान झाले हेही दाखवावे लागते. तो निकाल बँक कर्मचाऱ्याच्या चौकशीतला होता, पण त्यामागचा विचार विद्यार्थ्यांच्या प्रकरणांतही येतो. म्हणून कागद मागताना तो का हवा आहे हेही एका वाक्यात लिहावे : ‘त्या वेळी मी ग्रंथालयात होतो हे दाखवण्यासाठी नोंदवहीतील त्या दिवसाचे पान आवश्यक आहे.’

तक्रारदाराचे नावच सांगत नाहीत. हे कायदेशीर आहे का?

काही परिस्थितीत आहे. रांचीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांवर रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरल्याचा आरोप होता. चौकशी समितीने मुलींचे जबाब आरोपी विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले आणि त्यांची नावेही उघड केली नाहीत. मात्र आरोप काय आहे हे विद्यार्थ्यांना सांगितले आणि त्यांचे म्हणणे घेतले. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मान्य केली. मुलींना समोरासमोर बसवले असते तर त्यांना धमकावले जाण्याची भीती खरी होती, असे न्यायालयाचे मत होते.

या निकालाचा आधार घेऊन काही संस्था सरसकट सर्वच साक्षीदार झाकून ठेवतात. तो त्या निकालाचा अर्थ नाही. नाव झाकायचे तर भीतीचे खरे कारण हवे, आणि नाव झाकले तरी जबाबातील आशय सांगितलाच पाहिजे. प्रयोगशाळेतील उपकरण कोणी मोडले, एवढ्यासाठी गुप्त साक्षीदार लागत नाहीत.

साक्षीदारांना मी प्रश्न विचारू शकतो का?

वकिलासारखी समोरासमोर उलटतपासणी करण्याचा सरसकट हक्क नाही. जेथे सगळा निर्णय एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून आहे, तेथे ही मागणी अधिक वजनदार ठरते. मधला मार्ग असा की प्रश्न लेखी द्यावेत आणि अध्यक्षांनी ते साक्षीदाराला विचारावेत. संवेदनशील प्रकरणांत हाच मार्ग बरा.

वकील किंवा पालक सोबत नेता येतात का?

वकिलाचा हक्क साधारणपणे मिळत नाही. त्याला अपवाद आहे. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात मालकाची बाजू कायद्याचे जाणकार अधिकारी मांडत होते, पण कर्मचाऱ्याला वकील नाकारला गेला होता. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अन्यायकारक ठरवले. तेव्हा संस्थेच्या बाजूने वकील किंवा कायदा अधिकारी बसणार असतील, तर हा दाखला देऊन तशीच परवानगी मागावी. पालक, एखादे प्राध्यापक किंवा विद्यार्थी प्रतिनिधी यांना सोबत बसू देण्याची विनंती बहुतेक समित्या मान्य करतात. सोबत आलेल्या व्यक्तीने बोलण्यापेक्षा टिपणे काढावीत.

ज्या प्राध्यापकांनी तक्रार केली, तेच समितीत आहेत. काय करावे?

आक्षेप घ्यावा आणि तो सुनावणी सुरू होण्यापूर्वी लेखी घ्यावा. प्रत्यक्ष पक्षपात झाला हे सिद्ध करावे लागत नाही, पक्षपाताची वाजवी शक्यता दाखवणे पुरेसे असते. 1969 मध्ये वनखात्यातील निवडीच्या प्रकरणात एक उमेदवार स्वतःच निवड मंडळाचा सदस्य होता. स्वतःच्या नावाचा विचार होताना तो बाहेर बसला होता, तरीही सर्वोच्च न्यायालयाने ती निवड टिकू दिली नाही. तक्रारदार, साक्षीदार आणि निर्णय देणारा या तीन भूमिका एकाच व्यक्तीकडे असू नयेत, असे पत्रात सरळ लिहावे.

येथे उशीर फार महागात पडतो. 1957 च्या एका प्रकरणात, शिस्तभंगाची चौकशी झालेल्या वकिलाने समितीच्या अध्यक्षांनी पूर्वी तक्रारदाराचे वकीलपत्र घेतले होते असा आक्षेप घेतला. आक्षेपात तथ्य होते, पण ती गोष्ट त्याला ठाऊक असूनही चौकशी चालू असताना तो गप्प राहिला होता. न्यायालयाने त्याने आक्षेपाचा हक्क सोडून दिला असे मानले. निकाल काय लागतो ते पाहू आणि मग आक्षेप घेऊ, हा हिशेब चालत नाही.

‘माफीनामा लिहून द्या, प्रकरण येथेच मिटवू,’ असे सांगितले जाते. द्यावा का?

चूक झाली असेल आणि समोरच्याने काय होणार हे लेखी सांगितले असेल, तर माफी मागण्यात कमीपणा नाही, अनेकदा तोच शहाणपणाचा मार्ग असतो. पण तोंडी आश्वासनावर विसंबून, सांगितलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून देऊ नये. तोच कागद पुढे ‘विद्यार्थ्याने गुन्हा कबूल केला आहे’ म्हणून धारिकेत लागतो आणि मग सुनावणीत बोलायला काही शिल्लक राहत नाही. जेवढे खरे आहे तेवढेच लिहावे. ‘त्या दिवशी मी आवाज चढवून बोललो, त्याबद्दल दिलगीर आहे’ हे एक, आणि ‘मी गैरवर्तन, दमदाटी व धमकी दिली’ हे अगदी दुसरे. दबावाखाली काही लिहून दिले गेले असेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तसे कळवावे. तीन आठवड्यांनी केलेल्या तक्रारीवर कोणी सहज विश्वास ठेवत नाही.

त्याच घटनेबद्दल पोलिसांतही गुन्हा नोंदला आहे. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात का?

चालू शकतात. मात्र आरोप गंभीर असेल, दोन्हीकडे तीच तथ्ये असतील आणि त्यांत कायद्याचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील, तर संस्थेची चौकशी थांबवणे इष्ट ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये नोकरीविषयक प्रकरणात सांगितले आहे. अशा वेळी समितीला दिलेले निवेदन फौजदारी खटल्यात वापरले जाऊ शकते. म्हणून त्या एका परिस्थितीत समितीला काहीही लिहून देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावाच.

चौकशीआधीच मला निलंबित केले आहे. ही शिक्षा नव्हे का?

तत्त्वतः नाही. साक्षीदारांवर दबाव येऊ नये किंवा हाणामारी पुन्हा होऊ नये, म्हणून केलेली ती तात्पुरती व्यवस्था मानली जाते. पण मुदत न घालता महिनोन् महिने चालणारे निलंबन शिक्षेसारखेच होते. निलंबन किती दिवसांचे आहे, त्या काळातील हजेरीचे काय आणि परीक्षा व प्रात्यक्षिकांना बसता येईल का, हे तीन प्रश्न लगेच लेखी विचारावेत.

आधी काढून टाकले आणि आता ‘बाजू ऐकतो’ म्हणतात. हे चालते का?

तातडीच्या प्रसंगाखेरीज नाही. एकदा निर्णय झाला की तो टिकवण्याकडेच माणसाचा कल राहतो आणि नंतर दिलेल्या निवेदनाचा फारसा उपयोग होत नाही, हे निरीक्षण सर्वोच्च न्यायालयानेच 1987 मध्ये केले आहे. तरीही बोलावले तर जावे, फक्त ‘माझा आक्षेप कायम ठेवून उपस्थित आहे’ असे लिहून जावे.

आरोप किती प्रमाणात सिद्ध व्हावा लागतो?

फौजदारी खटल्यासारखा ‘संशयापलीकडे’ सिद्ध होण्याची गरज नसते. घटना घडली असण्याची शक्यता न घडण्याच्या शक्यतेपेक्षा अधिक आहे, एवढे पुराव्यावरून दिसले तरी पुरते. पण ‘काहीतरी असल्याशिवाय तक्रार कशी येईल’ हा मात्र पुरावा नव्हे.

संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द केली किंवा सगळ्या मजल्याला दंड केला. तेथे प्रत्येकाचे ऐकावे लागते का?

दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. बिहारमधील एका केंद्रावर सामूहिक कॉपी झाल्याचे दिसल्यावर तेथील परीक्षाच रद्द करण्यात आली, आणि 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक परीक्षार्थीचे ऐकणे आवश्यक नव्हते असे ठरवले. कारण कोणा एकावर ठपका ठेवलेला नव्हता, परीक्षाच परीक्षा म्हणून उरली नव्हती. याच्या उलट, नाव घेऊन एखाद्याला गैरप्रकाराबद्दल शिक्षा करायची असेल, तर वर सांगितलेला 1962 चा निकाल लागू होतो.

रॅगिंगबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांत, दोषी ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे. हेतू समजण्यासारखा आहे, कारण गप्प बसणाऱ्यांमुळेच रॅगिंग टिकते. तरीही जो विद्यार्थी त्या रात्री तेथे नव्हताच, त्याने प्रवासाचे तिकीट किंवा रजेचा अर्ज जोडून आपले म्हणणे वेगळे मांडावे. समूहाच्या एकत्रित खुलाशावर सही करून मोकळे होऊ नये.

लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी वेगळी असते का?

होय. ती शिस्तपालन समितीकडे नव्हे, तर अंतर्गत तक्रार समितीकडे जाते आणि आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार चालते. तक्रार आल्यावर 7 दिवसांत तिची प्रत प्रतिवादीला दिली जाते, त्याने 10 दिवसांत कागदपत्रे व साक्षीदारांच्या यादीसह उत्तर द्यायचे असते आणि चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हायची असते. अहवालाची प्रत दोन्ही बाजूंना मिळते आणि शिफारशींविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते. प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असावे लागतात. येथील हक्क दोन्ही बाजूंचे आहेत, हे विशेष ध्यानात ठेवावे. तक्रारदाराला संरक्षण आणि गोपनीयता, आणि प्रतिवादीला आरोप कळण्याचा व उत्तर देण्याचा हक्क, यांपैकी एक दिला म्हणून दुसरा काढून घेता येत नाही.

प्रबंधात वाङ्मयचौर्याचा ठपका आला आहे. सॉफ्टवेअरचा आकडा म्हणजे निकाल का?

आयोगाच्या 2018 च्या विनियमांत प्रबंधासाठी साधर्म्याचे स्तर दिले आहेत. 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, 10 ते 40 टक्क्यांना सुधारित प्रत द्यावी लागते, 40 ते 60 टक्क्यांना एक वर्ष पुन्हा सादर करण्यास मनाई आणि 60 टक्क्यांवर नोंदणी रद्द. पण यंत्र फक्त शब्दांचे साधर्म्य मोजते. संदर्भासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची आणि रूढ पारिभाषिक शब्द त्यात मोजले गेले असतील, तर तो भाग वगळून पुन्हा तपासणी मागावी. पूर्ण अहवाल मागून प्रत्येक खूण केलेल्या परिच्छेदासमोर स्वतःचे स्पष्टीकरण लिहून देणे हे सर्वांत परिणामकारक उत्तर ठरते.

आदेशात फक्त ‘समितीच्या शिफारशीनुसार’ एवढेच लिहिले आहे. कारणे मागता येतात का?

मागावीच. विद्यार्थ्याने काय म्हटले आणि ते का पटले नाही, हे आदेशातून कळले पाहिजे. कोणत्याही आदेशाची वैधता त्यात नमूद कारणांवरूनच तपासायची, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 पासून पक्के केले आहे. चौकशी अहवालाच्या प्रतीबाबत स्थिती थोडी वेगळी आहे. 1968 मध्ये केरळ विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, नियमांत तरतूद नसेल तर अहवाल देणे बंधनकारक नाही असे ठरले होते. तरीही मागणी करावी. संस्था सार्वजनिक असेल तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो आणि त्याचे उत्तर सामान्यतः 30 दिवसांत द्यावे लागते.

चूक झाली होती, पण शिक्षा फारच मोठी आहे. त्यावर दाद मिळते का?

मिळू शकते. कोठडीत दिलेले जेवण खाण्यास नकार दिला म्हणून एका जवानाला वर्षभराचा कारावास आणि बडतर्फी झाली होती. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा चुकीच्या मानाने अवाजवी म्हणून रद्द केली. अपिलात आधीचे निष्कलंक वर्तन, त्याच चुकीसाठी इतरांना झालेली शिक्षा, शेवटच्या वर्षाला होणारे नुकसान आणि आधी भोगलेल्या निलंबनाचे दिवस मांडावेत. चूक नाकारणे आणि शिक्षा कमी मागणे हे दोन मुद्दे एकाच परिच्छेदात मिसळू नयेत.

निर्णयाविरुद्ध कोठे जायचे?

आधी संस्थेच्या नियमांतील अपील, बहुधा प्राचार्य, कुलगुरू किंवा व्यवस्थापन परिषदेकडे. संस्थेने स्वतःच्याच नियमांविरुद्ध कृती केली असेल, तर आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत लोकपालाकडे, म्हणजे याच विनियमांखाली विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या व्यक्तीकडे, अपील करता येते. त्यापुढे संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालय आहे. शासकीय आणि अनुदानित संस्थांविरुद्ध ही वाट बरीच सरळ आहे. खासगी संस्थेविरुद्ध, ती सार्वजनिक कर्तव्य पार पाडत आहे आणि तक्रार त्याच कर्तव्याशी निगडित आहे, हे आधी दाखवावे लागते. उच्च न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही, प्रक्रिया योग्य होती का एवढेच मुख्यतः पाहते. तेथे तुमची पोच घेतलेली पत्रेच तुमच्या बाजूने बोलतात.

परीक्षा चार दिवसांवर आहे आणि अपिलाचा निर्णय आलेला नाही.

अपिलासोबतच स्वतंत्र अंतरिम अर्ज द्यावा : निकाल राखून ठेवण्याच्या अटीवर परीक्षेला बसू द्यावे. उच्च न्यायालयातही सहसा हीच मागणी आधी केली जाते, कारण हुकलेली परीक्षा नंतर परत घेता येत नाही, पण राखून ठेवलेला निकाल नंतर जाहीर किंवा रद्द करता येतो. अशा परवानगीने परीक्षा दिली म्हणून मूळ प्रकरणात कोणताही हक्क तयार होत नाही. परीक्षा अर्ज आणि शुल्क भरण्याची मुदत निलंबनाच्या काळातही चुकवू नये. शुल्क स्वीकारले गेले नाही, तर ते भरण्याची तयारी दाखवणारे पत्र त्याच दिवशी द्यावे आणि त्याचीही पोच ठेवावी.